पाऊस पाडणारा वकील

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागायचे त्या दिवसांत घेतलेली जॉन ग्रिशमच्या ‘द रेनमेकर’ची एक प्रत माझ्याकडे आहे. मुखपृष्ठ चिकटपट्टीनं धरून ठेवलेलं, कडा तपकिरी झालेल्या आणि समासात कुणीतरी पेन्सिलीनं केलेल्या खुणा. आधीचा मालक कायद्याचा विद्यार्थी असणार. हाय कोर्ट तिथून हाकेच्या अंतरावर, चर्चगेटचं लॉ कॉलेजही फार लांब नाही. शिवाय प्रेमप्रकरणाच्या पानांवर पेन्सिल टेकलेलीसुद्धा नाही. उलटतपासणीची पानं मात्र रेघांनी भरलीत. सुरुवातीच्या एका पानावर नायक आपली फी कशी ठरवतो ते येतं. तिथे या गृहस्थांनी बारीक अक्षरात दोनच शब्द लिहिलेत : ‘आपल्याकडे बंदी.’

मी तेव्हा ते वाचून पुढे गेलो. लोकलमध्ये उभ्यानं कादंबरी वाचणारा माणूस समासात रेंगाळत नाही. पुन्हा वाचताना लक्षात आलं, की सगळी गोष्ट त्या दोन शब्दांवर उभी आहे.

कादंबरी १९९५ ची. दोन वर्षांनी फ्रान्सिस फोर्ड कपोलानं तिच्यावर सिनेमा काढला, त्यात मॅट डेमन नायक होता. ज्यांनी दोन्हीपैकी काही पाहिलं-वाचलं नाही त्यांना आधीच सांगतो, पुढे शेवट फोडणार आहे.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं मेम्फिस शहर. रूडी बेलर हा पोरगा तिथल्या कॉलेजातून कायदा शिकून बाहेर पडतोय. देणेकरी मागे लागलेत. ज्या छोट्या फर्ममध्ये नोकरी ठरली होती ती एका बड्या फर्मनं गिळली आणि याला वाऱ्यावर सोडलं. कॉलेजच्या एका विषयापायी म्हाताऱ्या माणसांना फुकट सल्ला द्यायला गेला असताना डॉट ब्लॅक नावाची बाई कागदांचा गठ्ठा घेऊन त्याच्यासमोर बसते. तिच्या तरण्या मुलाला ल्युकेमिया झालाय. त्याला हुबेहूब जुळा भाऊ आहे, म्हणजे प्रत्यारोपणासाठी अस्थिमज्जा जुळेल का, हा प्रश्नच नाही. खर्च विमा कंपनीनं द्यायचा, तो ती देत नाही. कंपनीनं सात वेळा दावा फेटाळलाय आणि आठव्या पत्रात, हे आता शेवटचं असं बजावून, बाईंना मूर्ख ठरवलंय. तेही एकदा लिहून समाधान झालेलं नाही.

‘अंडरडॉग’ हा शब्द कुत्र्यांच्या झुंजीतला, खाली सापडलेला कुत्रा तो. रूडी तसाच खाली सापडलेला. त्याचा जोडीदार डेक शिफलेट त्याच्याहून खाली : कायद्याची पदवी आहे, पण सनदेच्या परीक्षेत सहा वेळा नापास. हॉस्पिटलांमध्ये घिरट्या घालून हातपाय मोडलेली गिऱ्हाइकं पकडून आणणं हे त्याचं काम. समोर लिओ ड्रमंड नावाचा मुरलेला वकील, त्याच्यामागे चारपाच जणांची फळी आणि तासातासाचं बिल भरणारी ग्रेट बेनिफिट नावाची विमा कंपनी.

इथपर्यंत कुठल्याही सिनेमात शोभेल असं आहे. आता एक भाबडा प्रश्न विचारू. ज्या बाईच्या घरात औषधाला पैसा नाही, तिचा वकील पोट कशावर भरतो?

अमेरिकेत याचं उत्तर कॉन्टिन्जन्सी फी. अशिलानं आधी एक पैसा द्यायचा नाही. जिंकलो तर मिळेल त्यातला ठरलेला हिस्सा, बहुधा एक तृतीयांश, वकिलाचा. हरलो तर त्याचे कष्ट पाण्यात. आपल्याकडच्या वाटेकऱ्यानं बटाईनं शेत करावं तसा वकील खटला करतो. पीक आलं तर आलं. म्हणूनच ज्याच्या हाताला असं पीक वारंवार लागतं, जो फर्ममध्ये पैशांचा पाऊस पाडतो, त्याला तिकडे ‘रेनमेकर’ म्हणतात.

या पद्धतीला नावं ठेवणारे खूप आहेत. वकील पैशासाठी खटले उकरून काढतात, हा आरोप खोटाही नाही. डेक शिफलेट हे पात्र ग्रिशमनं त्यासाठीच घातलंय. पण दुसरी बाजू कादंबरीत जास्त बोलकी होते. कंपनीकडून तडजोडीची बोली येते ती ७५,००० डॉलरची. त्यात वकिलाचा वाटा २५,०००. ज्याच्या खिशात भाड्याचे पैसे नाहीत असा पोरगा. अशिलाचं हित आणि वकिलाची भूक या क्षणी एकमेकांसमोर उभी राहतात, आणि वाचकालाही क्षणभर वाटून जातं, घे बाबा आणि मोकळा हो. माझ्या मते या पुस्तकातला सगळ्यात मोठा धोका हाच. मारामारीची पानं त्यापुढे फिकी आहेत.

आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक आचाराच्या नियमांत विसावा नियम आहे : खटल्याच्या निकालावर अवलंबून राहील अशी फी वकिलानं ठरवू नये, आणि मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेऊ नये. जाहिरात करायलाही बंदी. अमेरिकेत वकिलांना जाहिरातीची वाट १९७७ च्या एका सर्वोच्च न्यायालयीन निकालानं मोकळी झाली. पेन्सिलवाल्या गृहस्थांना हे सगळं अभ्यासाला असणार, म्हणून ते दोन शब्द. मेम्फिसचा रूडी बेलर मुंबईत जन्माला आला असता तर त्यानं हाच करार करताच सनद धोक्यात घातली असती, आणि कथा दुसऱ्या प्रकरणात संपली असती.

बरं, वकील मिळाला म्हणून भागत नाही. विम्याचा प्रकारही जमावा लागतो, आणि इथे ग्रिशम किती मुरलेला वकील होता ते दिसतं. ब्लॅक कुटुंबाची पॉलिसी दारोदार फिरून विकलेली आहे. हप्ता आठवड्याला १८ डॉलर, एजंट घरी येऊन घेऊन जाणार. वाचताना वाटतं, गरिबी दाखवायला लेखकानं हे तपशील घातले असतील. गरिबी दिसतेच, पण त्यामागे कायद्याचा एक खिळा आहे. अमेरिकेत बहुतेक नोकरदारांचा आरोग्य विमा मालकामार्फत असतो, आणि अशा विम्याला १९७४ चा एरिसा नावाचा केंद्रीय कायदा लागतो. १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की या कायद्याखालच्या विम्याबाबत राज्याच्या कायद्यानं कंपनीवर बदनियतीचा दावा लावता येत नाही. म्हणजे कंपनी कितीही निर्लज्जपणे वागली तरी फार तर मूळ देणं द्यायचं. डॉट ब्लॅकनं पॉलिसी स्वतःच्या पैशानं, दारातल्या एजंटाकडून घेतली, म्हणून ती या जाळ्याबाहेर राहिली. तिच्या मुलाला हाच विमा कारखान्यामार्फत मिळाला असता, तर ड्रमंडनं पहिल्याच तारखेला खटल्यातली हवा काढून घेतली असती.

मला हे वाचून मजा वाटते. थ्रिलरमध्ये पिस्तूल कुठे ठेवलंय ते आपण शोधतो. इथे ते हप्त्याच्या पावतीत ठेवलंय.

आठ पत्रांकडे परत येतो. काही वर्षांपूर्वी घरातल्या एका ऑपरेशनचा मेडिक्लेम आम्ही केला होता. कंपनीचं नाव काढत नाही. पहिलं पत्र आलं, आजार पॉलिसीआधीचा आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला, तर दुसऱ्या पत्रात वेगळंच कारण : कागद वेळेत पोचले नाहीत. दोन्ही पत्रांवर दोन वेगळ्या विभागांचे शिक्के, आणि एका विभागाला दुसऱ्याचा पत्ता नाही. चौकशीला फोन केला की पलीकडची मुलगी अत्यंत गोड आवाजात सांगायची, फाइल प्रोसेसमध्ये आहे. मी हा गोंधळ समजत होतो. ग्रिशमच्या कादंबरीत रूडी हळूहळू उलगडत जातो ते हेच, की कंपनीत गोंधळ अजिबात नाही. एका ठरावीक काळात आलेला दावा आधी नाकारायचाच; दोन विभागांनी तो एकमेकांकडे ढकलायचा; माणूस थकून गप्प बसेल याची वाट पाहायची. वकिलाकडे जाणारे थोडेच, आणि गप्प बसणाऱ्यांचे सगळे पैसे नफ्यात. आमच्या बाबतीत तसं काही होतं असं मी म्हणत नाही, पैसे शेवटी मिळाले. पण तेव्हापासून दोन शिक्के दिसले की मी जरा सावरून बसतो.

हे बाहेर कसं येतं? तर खटल्याआधी दोन्ही बाजूंनी एकमेकांची कागदपत्रं मागून घेण्याच्या हक्कामुळे. अमेरिकी दिवाणी खटल्याचा निम्म्याहून जास्त जीव या टप्प्यात असतो. कंपनीला आपली अंतर्गत नियमपुस्तिका द्यावी लागते. ती दिली जाते, पण त्यातला एक विभाग गायब असतो. तो विभाग नोकरी सोडलेल्या एका बाईकडे आहे. मग ढापलेला कागद पुरावा म्हणून चालतो का, यावर कोर्टात घमासान. रोमांच म्हणतात तो इथे आहे, एका झेरॉक्सच्या चळतीत.

साक्षीदारांच्या जबान्याही आधीच, कोर्टाबाहेर घेतल्या जातात. पुस्तकातलं मला आवडणारं दृश्य याच टप्प्यातलं. मरणाच्या दारात असलेल्या डॉटच्या मुलाची, डॉनी रे ब्लॅकची जबानी व्हिडिओवर घ्यायची आहे. घर इतकं लहान, की वकिलांची फौज आत मावत नाही. मग मागच्या अंगणात, झाडाच्या सावलीत खुर्च्या मांडल्या जातात. महागड्या सुटातले वकील गवतावर बूट सांभाळत उभे. जवळच एका जुनाट फोर्ड गाडीत मुलाचा बाप बसलेला, हातात बाटली, भोवती मांजरं. तो त्या गाडीतून बाहेर येतच नाही. आणि मधोमध एक काडी झालेला मुलगा, ज्याला कॅमेऱ्यासमोर शपथ दिली जाते. ड्रमंडला उलटतपासणी करायचा हक्क आहे, पण काय विचारणार? अख्ख्या कादंबरीत हा कसलेला माणूस पहिल्यांदा इथे लहान दिसतो, आणि ग्रिशम त्यावर एकही वाक्य जास्त खर्च करत नाही.

मुलगा खटल्याआधीच जातो. कोर्टात उरते ती चित्रफीत, आणि ती पाहायला ज्युरीतली बारा माणसं.

ज्युरी आपल्याकडे होती हे लोकांना आठवतं ते नानावटी खटल्यामुळे. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात नौदल अधिकारी कावस नानावटींना ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हाय कोर्टात गेलं आणि तिथे शिक्षा झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. देशातला हा शेवटचा ज्युरी खटला असं सर्रास सांगतात, ते मात्र खरं नाही. काही ठिकाणी ज्युरी १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता येईपर्यंत चालू राहिली. आणि एक शेपूट अजून शिल्लक आहे. पारशी घटस्फोटाच्या दाव्यांत १९३६ च्या कायद्यानुसार समाजातले पाच प्रतिनिधी न्यायाधीशांबरोबर बसतात आणि घडलं काय ते बहुमतानं ठरवतात. मुंबईत हे न्यायालय हाय कोर्टातच भरतं, म्हणजे माझी प्रत जिथे विकत मिळाली तिथून रस्ता ओलांडला की.

रूडीसाठी ज्युरी का महत्त्वाची? न्यायाधीशानं शेकडो विमा दावे पाहिलेले असतात. त्याचं मन निबर झालेलं असतं. ज्युरीतल्या बाईनं पहिल्यांदाच अशा पत्राला हात लावलाय, आणि कदाचित तिच्या घरीही तसलंच एक पडलंय. म्हणून तर ज्युरी निवडताना दोन्ही वकील जिवाच्या आकांतानं एकेक माणूस वगळत जातात. कारण न देताही काही जणांना नको म्हणायची मुभा असते. आपला फोन विरोधी बाजू चोरून ऐकतेय हे कळल्यावर रूडी आणि डेक मुद्दाम फोनवर खोटं संभाषण रचतात आणि ड्रमंडला एका उमेदवार ज्युररवर भर कोर्टात आरोप करायला लावतात. तो ज्युरर उसळून ड्रमंडच्या अंगावर जातो. वाचताना हसू आवरत नाही. नंतर विचार केला की लक्षात येतं, आपला गरीब बिचारा नायक सरळसरळ लबाडी करतोय आणि आपण टाळ्या वाजवतोय.

इथे एक तक्रार नोंदवतो. सुरुवातीचा न्यायाधीश कंपनीच्या बाजूचा, तो मरतो. त्याच्या जागी टायरोन किप्लर येतो, ज्याला बड्या फर्मांचा राग आहे. त्यानंतर प्रत्येक अर्जाचा निकाल रूडीच्या बाजूनं. अंडरडॉग म्हणायचं आणि न्यायाधीश त्याचा मामा लागतो असं चित्र काढायचं, याला काय अर्थ आहे? चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा सिनेमा पाहिलेल्या मराठी माणसाला तर हे परीकथेसारखं वाटेल. तिथे बचावाचा वकील चांगला आहे, मुद्दे बिनतोड आहेत, आणि तरी तारखेमागून तारीख पडत जाते. न्यायाधीश मामा नाही आणि काकाही नाही, त्याला घरी जायचंय.

निकाल. मूळ नुकसानीचे २ लाख डॉलर आणि त्यावर दंडात्मक भरपाई म्हणून ५ कोटी डॉलर. दंडात्मक भरपाईचा हिशेब वेगळा असतो. बाईचं किती गेलं हे मोजून झालेलं असतं. हा आकडा कंपनीला किती लागलं पाहिजे यावर ठरतो. अब्जावधीची उलाढाल असलेल्या कंपनीला २ लाखांचा चटका म्हणजे अंगावर डास बसला. म्हणून ज्युरी अडीचशे पटीचा फटका देते.

आज तो टिकला नसता. २००३ मध्ये स्टेट फार्म विरुद्ध कॅम्पबेल या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दंडात्मक रक्कम मूळ भरपाईच्या नऊपटीपलीकडे, म्हणजे दोन आकडी पटीत, सहसा जाऊ नये. गंमत म्हणजे तो खराखुरा खटलाही विमा कंपनीच्या बदनियतीचाच होता. युटा राज्यातल्या १९८१ च्या एका अपघाताचं प्रकरण कंपनीनं पॉलिसीच्या मर्यादेत मिटवायला नकार देऊन स्वतःच्याच ग्राहकाला तोंडघशी पाडलं होतं, आणि दावे कमी पैशांत गुंडाळायचं कंपनीचं देशभरचं धोरण होतं असा पुरावा समोर आला होता. १० लाखांवर १४.५ कोटींचा दंड. सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण परत पाठवल्यावर युटाच्या न्यायालयानं तो ९० लाखांवर आणला. हेच गणित डॉट ब्लॅकला लावलं तर ५ कोटींचे होतात जेमतेम १८ लाख. कादंबरी आठ वर्षं आधी आली म्हणून वाचली.

आपल्याकडे असे आकडे स्वप्नातही येत नाहीत, पण दार अगदीच बंद नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आयोगाला दंडात्मक भरपाई देण्याचा अधिकार आहे. तक्रारदार तिथे वकिलाशिवाय स्वतः उभा राहू शकतो. विमा लोकपालाकडे तर वकील चालतच नाही. मुंबईत आणि पुण्यात त्याची कार्यालयं आहेत. अंडरडॉग वकिलाची कादंबरी आपल्याकडे जमत नाही याचं हेही एक कारण असेल : वकिलालाच वगळून दुबळ्याला दार उघडून दिलं, तर नायक कुणाला करायचं?

ग्रिशम स्वतः हे सगळं जगलेला होता. मिसिसिपीत साउथेव्हनला त्यानं सुमारे दहा वर्षं वकिली केली. १९८९ मध्ये पहिली कादंबरी निघाली ती ५,००० प्रतींची. १९९१ च्या ‘द फर्म’नं नशीब पालटलं आणि काळा कोट खुंटीला लागला. पण एक शब्द देऊन ठेवलेला होता. रेल्वेच्या दोन डब्यांच्या मध्ये चिरडून मेलेल्या एका कामगाराच्या कुटुंबासाठी तो १९९६ मध्ये पुन्हा कोर्टात उभा राहिला, म्हणजे ‘रेनमेकर’ छापून आल्यानंतर. ज्युरीनं ६,८३,५०० डॉलर दिले. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा निकाल. लाखो प्रती खपवणाऱ्या माणसानं कागदावर ५ कोटी दिले आणि खऱ्या कोर्टात इतके मिळवले, हे मला कादंबरीइतकंच वाचनीय वाटतं.

रूडीला काय मिळतं? निकालानंतर ग्रेट बेनिफिट दिवाळखोरीत जाते. आतून आधीच पोखरलेली असते. ५ कोटींतला एक डॉलरही येत नाही. डॉटला त्याचं विशेष काही वाटत नाही. कंपनी बुडाली हे तिला पुरतं. रूडी वकिली सोडून शहराबाहेर निघून जातो.

माझ्या प्रतीत निकालाच्या पानावर खाली, पेन्सिलीत, एक गुणाकार आहे. २ लाख अधिक ५ कोटी, भागिले तीन, म्हणजे १ कोटी ६७ लाख डॉलर. त्याला ३५ नं गुणलंय, तेव्हाचा डॉलरचा भाव. उत्तर साडेअठ्ठावन्न कोटी रुपये, खाली दोन रेघा. पुढे दिवाळखोरी येते त्या पानापर्यंत गृहस्थ पोचले होते की नाही, कळायला मार्ग नाही. तिथे एकही खूण नाही.